शून्य कुठे धरला

९ जानेवारी

प्रबंधाचा विषय अखेर मंजूर झाला : आतड्याचा अडथळा झालेल्या तातडीच्या रुग्णांमधला पोटाचा दाब. आहेर सरांनी सही करताना एवढंच विचारलं, "निकिता, धीर आहे का तुझ्याकडे? हे घाईचं काम नाही." मी जोरात हो म्हणाले. धीर आणि मी! आई म्हणते, मी सातव्या महिन्यात जन्मले तीही घाईनेच.

काम सोपं आहे, म्हणूनच मला आवडलं. आतडं कुठेतरी अडकलं की पोट फुगतं, आतला दाब वाढतो, आणि फार वाढला की आतड्याला रक्त पोचत नाही. तो मोजायचा कसा, तर लघवीच्या नळीतून थोडं सलाइन मूत्राशयात सोडायचं, नळी उभी धरायची आणि पाणी किती उंच चढतं ते पट्टीवर वाचायचं. बाराच्या आत असेल तर थांबता येतं. पंधराच्या वर गेला की चाकू जवळ ठेवायचा, असं सर म्हणतात.

पोटावर हात ठेवून एक डॉक्टर म्हणतो मऊ आहे, दुसरा म्हणतो टणक आहे. दोन वर्षं हेच ऐकतेय. आकड्याला निदान मतं तरी नसतात. चाळीस रुग्ण हवेत.

१६ जानेवारी

आयसीयूत पहिले तीन झाले. एकेकाला वीस मिनिटं लागतात. पट्टीचा शून्य रुग्णाच्या कमरेच्या हाडापाशी, कुशीच्या मधल्या रेषेत धरावा लागतो. त्यासाठी मी गवंड्यासारखी पाणसळ घेऊन फिरते. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक रुग्णाच्या कुशीला, दुसरं पट्टीला. अलिशा सिस्टर म्हणाली, "मॅडम, भिंत बांधताय का?" सगळे हसले. मला राग आला, पण हसण्यासारखं होतंच ते.

या वेगाने चाळीस होईपर्यंत माझे केस पांढरे होतील.

२ फेब्रुवारी

युक्ती सापडली! शिंप्याची टेप सलाइनच्या स्टँडवर चिकटवली, पाण्याच्या सेंटिमीटरचे पाऱ्याचे मिलिमीटर करणारा भागाकार आधीच करून आकडे तिच्यावरच लिहिले, आणि शून्याच्या जागी लाल नेलपॉलिशची खूण केली. आयसीयूतले सगळे पलंग एकाच उंचीवर ठेवलेले असतात, त्यामुळे दरवेळी पाणसळीचा खटाटोप नको. स्टँड ढकलत न्यायचा, नळी लावायची, वाचायचं. वीस मिनिटांचं काम चार मिनिटांवर आलं.

अलिशा सिस्टर म्हणाली, "मग हा स्टँड इथून हलवू नका म्हणजे झालं." मी म्हटलं, चाकं कशाला दिलीत मग त्याला?

११ फेब्रुवारी

आयसीयूत पुरेसे रुग्ण मिळत नाहीत. सरांकडून खालच्या मजल्यावरच्या सर्जरी वॉर्डाची परवानगी काढली. वॉर्ड जुना, पलंग ठेंगणे, म्हाताऱ्यांना चढायला बरे म्हणून मुद्दाम तसेच ठेवलेत म्हणे. मला मात्र वाकून वाकून कंबर धरली. तरी स्टँड खाली नेल्यावर एका दिवसात दोन झाले. अशाने एप्रिलपर्यंत संपेल.

२० फेब्रुवारी

वॉर्डातला चौथा रुग्ण इसाक, मालेगावचा, यंत्रमागावर काम करतो, वय सेहेचाळीस. दोन दिवस उलट्या, पोट फुगलेलं. बायको गुलजारबी पलंगाच्या पायथ्याशी बसून असते, हलत नाही, बोलत नाही.

दाब अकरा.

सर राउंडला आले. इसाकच्या पोटावर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. इतका वेळ की मागे रांग खोळंबली. मग म्हणाले, "मला हे पोट आवडत नाहीये."

मी म्हणाले, "सर, दाब अकरा आहे."

"नक्की?"

"दोनदा वाचला, सर."

त्यांनी हात उचलला. "बरं. मग उद्यापर्यंत बघू."

खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. पंचवीस वर्षं सर्जरी केलेल्या माणसाने माझ्या नेलपॉलिशच्या खुणेवर विश्वास ठेवला.

२२ फेब्रुवारी

इसाक गेला. काल संध्याकाळी अचानक बिघडला, पोट उघडलं तर हातभर आतडं काळं पडून फुटलेलं. आज दुपारी संपलं.

दाब अकरा असताना आतडं काळं कसं पडलं? पुस्तकात शोधलं. पीळ बसला असेल तर दाब न वाढताही आतड्याचं रक्त तुटू शकतं. प्रबंधातल्या चर्चेच्या प्रकरणात यावर एक चांगला परिच्छेद होईल.

गुलजारबीने सही कुठे करायची एवढंच विचारलं. रडलीसुद्धा नाही. मला तिच्याजवळ थांबायला हवं होतं, पण काय बोलणार? ओपीडी होती.

१८ मार्च

अठ्ठावीस झाले. आज पहिला तक्ता मांडला आणि खुर्चीतल्या खुर्चीत नाचले. आयसीयूतल्या बारांची सरासरी अठरा. वॉर्डातल्या सोळांची अकरा. पाण्यातून तेल वेगळं व्हावं तसे दोन गट! गंभीर रुग्ण वर, कमी गंभीर खाली, आणि दाबाने ते ओळखले. सरांनी तक्ता उलटसुलट बघितला. "फारच स्वच्छ आहे," म्हणाले. मी ते कौतुक समजले. एप्रिलअखेर पुण्याच्या परिषदेत पोस्टर लावायचं ठरलं.

आईला फोन केला. ती गावी, देवळ्यात, सगळ्यांना सांगत सुटेल आता, की पोरीने काहीतरी शोध लावला.

२ एप्रिल

दिवसभर पाय टेकले नाहीत. सकाळी सायखेड्याच्या लंकाबाई आल्या. वय छप्पन. दहा वर्षांपूर्वी गर्भपिशवीचं ऑपरेशन झालंय, त्याच्या जागी आतडी चिकटली असणार. तीन दिवस उलट्या. आयसीयूत घेतलं, दाब सतरा. नाकातून नळी घातली, लिटरभर हिरवं पाणी आलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा तो पलंग एका अपघाताच्या रुग्णाला द्यावा लागला, म्हणून त्यांना खाली वॉर्डात आणलं. तासाभराने पुन्हा मोजला. अकरा!

नवरा वाल्मीक काका. बाजार समितीत तीस वर्षं मापारी. कांद्याचं वजन करणं हेच त्यांचं काम. मी आनंदाने सांगितलं, "काका, सतरावरून अकरावर आला."

त्यांच्या तोंडावर आनंद काही दिसेना. "येका तासात सहाची घट?"

"नळीने पोट रिकामं झालं ना."

त्यांनी खिशातून गाठ मारलेली सुतळी काढली. "वर व्हती तवा म्या हिच्या पोटाचा घेर घेतला व्हता. गाठीवर बसला व्हता. आता बी गाठीवरच बसतोय. कांद्याला बी घट येती, मॅडम, पन म्हयना-दोन म्हयन्यानं येती. माल तोच आन् वजन कमी भरलं, तर आमी मालाकडं नाय बघत. काट्याकडं बघतो."

"काका, हे कांदे नाहीत."

"नाय ना, म्हनून तर ईचारतो. तुमचा काटा शून्य कुठं धरतो?"

"तिथे, लाल खुणेवर," म्हणून मी कॅज्युअल्टीकडे पळाले. तीन रुग्ण थांबले होते. प्रत्येक नातेवाइकाला यंत्र समजावत बसले तर झालंच. शिवाय आता सुतळी घेऊन लोक आम्हाला सर्जरी शिकवणार!

सर दिवसभर ऑपरेशनमध्ये होते. फोनवर सांगितलं, दाब अकरा. "पोट कसं आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मऊ आहे. तसं पूर्ण मऊ नव्हतं. पण अकरा होता ना.

३ एप्रिल

अक्षर वाईट येतंय. क्रमाने लिहिते.

सकाळी लंकाबाईंचा दाब बारा. नाडी एकशे अठरा, लघवी कमी. मी नोंद केली : नाडी वेदनेमुळे. दुपारी एकला दाब चौदा. त्या डोळे उघडून नुसत्या छताकडे बघत होत्या, विचारलेल्याचं उत्तर देईनात. तरी मी म्हणतच होते, चौदा आहे, अजून पंधराच्या आत आहे.

वाल्मीक काका उठले. त्यांनी उजव्या हाताची चार बोटं जोडली आणि लंकाबाईंच्या कुशीपासून स्टँडवरच्या लाल खुणेपर्यंतच्या जागेत आडवी धरली. बरोबर चार बोटं बसली.

"ही खूण वरच्या पलंगावर हिच्या आंगाच्या रेषेत व्हती," ते म्हणाले. "हितं आंगाच्या चार बोटं वर हाय. पलंग ठेंगना हाय, मॅडम."

मग कपाटातून पाणसळ काढली. ती दोन महिन्यांत मी हातातही धरली नव्हती. नळीतले बुडबुडे निघेनात, हात भिजले. शून्य कुशीच्या रेषेत आणला आणि पुन्हा वाचला. चौदा नव्हता. वीस होता.

सरांना फोन केला. दहा मिनिटांत आले, पोटावर हात ठेवला आणि लगेच उचलला. तीनला टेबलवर घेतलं. दोन फूट आतडं काळं पडलेलं, ते काढलं. पोटावर शौचाची पिशवी लावावी लागली, काही महिन्यांनी आतडं पुन्हा जोडू. वाचतील असं सर म्हणाले. काल दुपारीच घेतलं असतं तर बहुतेक नुसती चिकटलेली जागा सोडवून भागलं असतं, हे ते म्हणाले नाहीत. ते मला कळतं.

४ एप्रिल

लंकाबाई शुद्धीवर आहेत, पाणी मागतायत. वाल्मीक काकांनी मला बघून हात जोडले. मी नजर चुकवून फाइल वाचत असल्यासारखं केलं.

सरांना सगळं सांगितलं. नेलपॉलिश, ठेंगणे पलंग, सगळं. त्यांनी चष्मा काढला. "वॉर्डातले किती?"

"सतरा, सर. लंकाबाई धरून."

"सगळे पलंग एकाच उंचीचे?"

"हो."

"मग प्रत्येकात सहा मिळव. मापनपद्धतीत एक परिच्छेद लिही, चूक सापडली आणि दुरुस्त केली म्हणून. प्रबंध वाचतो."

डोक्यावरची मोळी कुणीतरी उतरवून घ्यावी तसं झालं मला. खोलीवर येऊन बेरजा केल्या. दहा मिनिटंही लागली नाहीत. वॉर्डाची सरासरी सतरा झाली. तेल आणि पाणी एक झालं, माझा शोध गेला. जाऊ दे.

मग चौथी ओळ. इसाक, मालेगाव. अकरा अधिक सहा, सतरा.

सर म्हणाले होते, मला हे पोट आवडत नाहीये. त्यांचा हात बरोबर होता. तो हात मी उचलायला लावला.

७ एप्रिल

दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. अलिशा सिस्टरवर कारण नसताना ओरडले. ती म्हणाली, "मॅडम, जेवून या, मग ओरडा." जेवायला गेले आणि भाताकडे बघत बसले.

स्वतःशीच वकिली चाललीय. दुरुस्तीनंतर दाब पंधराच्या वर निघालेले अकरा जण वॉर्डात चाकूविनाच बरे झाले. म्हणजे पंधराची रेघ काही ब्रह्मवाक्य नाही. इसाकचा आकडा बरोबर आला असता तरी तो वाचलाच असता असं कोण सांगेल? कुणीच नाही. पण सरांनी त्या दिवशी पोट उघडलं असतं. एवढं मी सांगू शकते. त्यांनी "नक्की?" विचारलं होतं.

९ एप्रिल

आज न राहवून वाल्मीक काकांना व्हरांड्यात गाठलं. म्हणाले, "काका, तुम्ही हात जोडू नका मला. माझ्या खुणेमुळे एक दिवस उशीर झाला. काकूंचं आतडं त्यामुळे गेलं."

ते बाकावर बसले. "म्हाईत हाय."

"केव्हापासून?"

"बोटं लावली तवापासून. तुमचं तोंड बघितलं तवाच कळलं."

"मग हात का जोडले?"

"पाणसळ आनली ना तुमी. काटा चुकला म्हनून सांगनारा येखादाच आसतो. मी म्हनतो म्हनून दुसऱ्यानं बघितलं बी नसतं." मग म्हणाले, "राग हाय का ईचाराल तर हाय. लय हाय. पोटावरची पिशवी बघून ती रडती. तिला म्या काय सांगू?"

मी विचारलं, "काका, बाजारात काटा चुकीचा निघाला तर काय करतात?"

"फेरमाप. सकाळपासून जेवढी मापं झाली तेवढी सगळी पुन्यांदा. आन् ते कुनी दुसऱ्यानं नाय करायचं. ज्यानं लाभ म्हनून पहिलं माप टाकलं, त्यानंच सोता जायाचं."

एकाच्या जागी लाभ म्हणायची मापाऱ्यांची रीत मला ठाऊक होती. हे ठाऊक नव्हतं. विचारलं, "आणि शेतकरी घरी निघून गेला असेल तर?"

"घरी जायाचं."

"माल विकून, संपून गेला असेल तर?"

"तरी जायाचं. सांगून यायचं."

"लोक शिव्या देत असतील."

"मंग? खायच्या," ते म्हणाले आणि काकूंचं औषध आणायला निघून गेले.

१० एप्रिल

पोस्टर मागे घेतलं. सरांना सांगितलं, मी यादी काढलीय, वॉर्डातल्या सगळ्यांना कळवणार आहे. ते चिडले. हॉस्पिटल, संशोधनाची एथिक्स समिती, वकील, सगळं बोलून झालं. मी ऐकून घेतलं. दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, "थांब. समितीला मी आज लेखी कळवतो. बाकीच्यांना फोन कर, तपासायला बोलाव. मालेगावला फोन नको. जाऊन ये."

"हो, सर."

"आणि तिथे सांग, डॉक्टर आहेर 'बरं' म्हणाले होते. एकटीच्या अंगावर घेऊ नकोस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते सरांसमोर नको होतं.

१२ एप्रिल

पंधरा फोन झाले. दोन नंबर बंद. एकाने विचारलं, यासाठी वेगळं बिल येईल का. एका बाईने मनसोक्त शिव्या दिल्या, त्या काकांनी सांगितल्याप्रमाणे खाल्ल्या. बाकीचे "बरं बरं, येऊ" म्हणाले. उद्या मालेगाव. न जाण्याची सात कारणं तयार आहेत, आणि सातही चांगली आहेत.

१३ एप्रिल

जाऊन आले.

घर शोधायला वेळ लागला, सगळ्या गल्लीत मागांची खडखड, पत्ता ओरडून विचारावा लागतो. गुलजारबी अंगणात मागाच्या कांड्यांवर सूत भरत होती. मला बघून तिचा हात थांबला. तिने मला बसायला खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्यावर बसली.

बसमध्ये वाक्यं ठरवली होती, एकही आठवेना. सरळ बोलले. इसाकभाईंचा दाब मी चुकीचा मोजला. अकरा सांगितला, तो सतरा होता. मोठे डॉक्टर ऑपरेशनचा विचार करत होते, माझ्या आकड्यामुळे थांबले. तेही 'बरं' म्हणाले, पण माझ्यामुळे. एक दिवस गेला, आणि आतडं त्या दिवसात गेलं.

मला वाटलं, आता उठेल, हाकलून देईल. मी तयार होते.

तिने विचारलं, "मतलब... पानी से नहीं?"

मला कळलं नाही. कोणतं पाणी?

"तुम्ही बोर्ड लावला व्हता पलंगाला. मुंह से कुछ नहीं देना." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "दुसऱ्या दिवशी सकाळी उनोंने मांगा. बहोत मांगा. होंठ फट गये थे. मी दोन घोट दिले. शाम को तब्येत बिगड गयी." तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं. "किसी को नहीं बोली. मुलांना बी नाही. दो महीने हो गये, मैं ये समझके बैठी हूं के मैंने मारा उनको."

त्या दिवशी ती का रडली नाही, ते मला आत्ता कळलं. आणि मी ओपीडीला गेले होते.

मी खुर्चीवरून उतरून खाली बसले. म्हणाले, दोन घोट पाण्याने काही झालं नाही. तुमच्यामुळे काही झालं नाही. उशीर झाला तो आमच्याकडून.

"फिर से बोलो."

मी पुन्हा सांगितलं.

तिने आत वळून हाक मारली. दोन मुलगे बाहेर आले, मोठा मिशी फुटलेला, धाकटा शाळेच्या गणवेशात. गुलजारबी जोरात म्हणाली, "अब इनके सामने बोलो. पूरा बोलो."

मी उभी राहिले आणि मुलांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. माझं नाव, माझी खूण, माझी चूक. मोठा मुलगा माझ्या अंगावर धावून आला. तिने त्याचा हात धरला, घट्ट, पण डोळे माझ्यावरच होते.

"पानी का भी बोलो," ती म्हणाली.

मी पाण्याचंही सांगितलं.